पासाउ ते व्हिएन्ना : एक वाट, दोन मते

जर्मनीच्या आग्नेय कोपऱ्यात, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून पासाउ हे शहर आहे. तिथे डॅन्यूबला उजवीकडून इन आणि डावीकडून इल्झ येऊन मिळते. सरासरी पाहिली तर इनचे पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त असते, पण संगमाच्या पुढे नाव डॅन्यूबचेच चालते. या संगमापासून व्हिएन्नापर्यंत नदीला धरून जाणारा सायकलमार्ग सुमारे ३२५ किलोमीटरचा आहे. परदेशातल्या पहिल्या लांबच्या सायकलप्रवासासाठी युरोपातले मार्ग विचारले, की या टप्प्याचे नाव हमखास निघते.

हा मार्ग सोपा आहे तो एका जुन्या व्यवसायामुळे. वाफेच्या बोटी येण्याआधी मालाच्या नावा प्रवाहाविरुद्ध वर न्यायच्या असत, तेव्हा काठावरून घोडे त्यांना दोरांनी ओढत. नाव ओढणाऱ्या घोड्याला चढ-उतार सोसत नाही, म्हणून त्याची वाट पाण्याच्या पातळीलगत ठेवलेली असे. बोटी आपल्या बळावर चालू लागल्या आणि या वाटा ओस पडल्या. १९८०च्या दशकात त्या सायकलींना मिळाल्या. आज हा टप्पा फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रोमेनियाच्या काळ्या समुद्रापर्यंत दहा देशांतून जाणाऱ्या 'युरोव्हेलो ६' या महामार्गाचा भाग आहे. निळ्या पाटीवर पिवळ्या ताऱ्यांचे कडे आणि मध्ये ६ चा आकडा, ही त्याची खूण.

हा मार्ग पहिल्या प्रवासासाठी निवडावा की नाही, यावर सायकलस्वारांत दोन तट आहेत. दोन्हींची बाजू पुढे एका मावशीच्या आणि तिच्या भाच्याच्या तोंडी दिली आहे. मावशी नोकरीतून निवृत्त झालेली, रोज सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर चालवणारी. भाचा 'बीआरएम' करणारा, म्हणजे २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरची अंतरे ठरलेल्या वेळेत, बाहेरची मदत न घेता कापणारा.

भाचा : "मावशी, तीनशेची बीआरएम वीस तासांत संपवावी लागते. त्यात घाट असतो, रात्र असते. तुझा अख्खा मार्ग तिच्याहून जेमतेम पंचवीस किलोमीटर जास्त, आणि सगळा सपाट. पोरंबाळं घेऊन लोक जातात तिथे. एवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढायचं?"

मावशी : "आणि बीआरएमच्या दुसऱ्या दिवशी तू काय करतोस?"

भाचा : "झोपतो."

मावशी : "मला दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटवर बसायचंय. तिसऱ्या दिवशीही. सामान घेऊन."

इथे मावशीचे म्हणणे वजनदार आहे. एका दमात लांब जाणे आणि रोज थोडे जाणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दिवसामागून दिवस सायकल चालवताना पाय क्वचितच दगा देतात. त्रास होतो तो सीटवर घासलेल्या त्वचेचा, बधिर पडणाऱ्या तळव्यांचा आणि चुकीच्या उंचीच्या सीटमुळे धरलेल्या गुडघ्यांचा. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना भरलेल्या पिशव्या लटकल्या की सायकल वळणाला जड होते, ब्रेक लागायला जास्त अंतर घेते आणि उभी करताना कलंडते. याचा सराव घरीच व्हायला हवा, तोही भरल्या पिशव्यांनिशी, लागोपाठ तीन-चार दिवस.

असा सराव कुठे करावा, यावर मात्र भाच्याचा सल्ला अधिक उपयोगी आहे. रेवसपासून रेडीपर्यंतचा कोकणचा सागरी रस्ता डॅन्यूबपेक्षा कितीतरी अवघड आहे. प्रत्येक खाडीला उतरायचे, आगरदांडा-दिघी किंवा दाभोळ-धोपावे अशा फेरीबोटीत सायकल चढवायची आणि पलीकडे लगेच चढाला लागायचे. ज्याने सामानासह हे केले त्याला डॅन्यूबची वाट शरीराच्या दृष्टीने काहीच मागत नाही. पासाउ समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे. तिथून व्हिएन्नापर्यंत नदी दीडशे मीटरच्या आसपास खाली येते. वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीमागून असतो. म्हणूनच जवळजवळ सगळे प्रवाहाच्या दिशेने जातात.

भाचा : "मग माझंच खरं ठरलं. शरीराला काहीच नाही यात."

मावशी : "शरीराला नाही, कागदांना आहे. तू व्हिसाच्या अर्जात मुक्कामाच्या रकान्यात काय लिहिणार आहेस?"

भाचा : "अंधार पडेल तिथे तंबू."

पहिल्या परदेशी प्रवासाची खरी चढण इथे आहे, आणि ती घरी टेबलाशी बसून चढायची असते. भारतीय पासपोर्टवर जर्मनी-ऑस्ट्रियासाठी शेंगेन व्हिसा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो पोचावा लागतो. तो कोणत्या देशाकडे करायचा, याचा नियम ठरलेला आहे : जिथे जास्त दिवस राहणार तिथे, आणि दिवस सारखेच असतील तर जिथे आधी प्रवेश करणार तिथे. सायकल पासाउला, म्हणजे जर्मनीत सुरू होत असली तरी बहुतेक रात्री ऑस्ट्रियात जातात. अर्ज ऑस्ट्रियाकडेच जायला हवा. विमान म्युनिकला उतरते म्हणून जर्मनीकडे अर्ज करणे ही सहज होणारी चूक आहे. अर्जासोबत मुक्कामाचे पुरावे, परतीचे आरक्षण आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. विमा घेताना त्यात सायकल चालवताना झालेली दुखापत धरलेली आहे का, हे कलम शोधून वाचावे. एजंट आपणहून ते सांगेलच असे नाही.

तंबूचा बेत व्हिसाच्या खिडकीशी अडतोच, पण पुढेही अडतो. व्हिएन्नाला वेढणाऱ्या लोअर ऑस्ट्रिया प्रांतात नेमून दिलेल्या जागेबाहेर तंबू ठोकायला मनाई आहे. नदीकाठी पैसे देऊन राहण्याच्या कॅम्पिंगच्या जागा आहेत, आणि छोटी कुटुंबे चालवतात ती अतिथिगृहेही भरपूर आहेत; सायकल ठेवायला कुलपाची खोली बहुतेकांकडे असते. मात्र आरक्षण दगडावर कोरल्यासारखे नसावे. रद्द करता येईल असे घ्यावे, टप्पे छोटे ठेवावेत आणि एक दिवस कोरा सोडावा. भाच्याचा मोकळेपणाचा आग्रह एवढ्यापुरता बरोबर आहे : वेळापत्रकात पावसाला, पंक्चरला आणि आवडलेल्या गावाला जागा हवी.

दुसरा वाद सायकलीचा. भाच्याला आपलीच सायकल न्यायची आहे.

भाचा : "माझी सीट, माझी उंची, माझे गिअर. परक्या सायकलीवर आठवडा काढायचा म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून पंढरपूरला जाण्यासारखं."

मावशी : "सीट काढून बॅगेत टाक की. सायकल तिथली, सीट आपली."

मावशीची ही सूचना अनुभवी प्रवासीही देतात. स्वतःची सायकल न्यायची तर पेडल काढून, हँडल आडवे करून, चाके सोडवून ती खोक्यात बसवावी लागते. खोक्याचे माप आणि वजनाची मर्यादा प्रत्येक विमान कंपनीची वेगळी असते आणि सायकलीसाठी जागा आधी मागून घ्यावी लागते. महागडी सायकल असेल तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यातीचा दाखला घेणे बरे, नाहीतर परतताना ती बाहेरून विकत आणली नाही हे पटवत बसावे लागते. बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीचा तर प्रश्नच मिटतो. प्रवासी विमानात १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि या सायकलींच्या बॅटऱ्या बहुधा त्याच्या दुपटीहून मोठ्या असतात. मग खोक्याचे काय करायचे हाही प्रश्न उरतोच, कारण प्रवास एका शहरात सुरू होऊन दुसऱ्यात संपतो. पासाउला सायकल भाड्याने घेऊन व्हिएन्नाला सोडण्याची सोय मिळते. तीन आठवड्यांपेक्षा कमी प्रवास असेल तर भाड्याचीच घ्यावी. भाच्याचा हिशेब जमतो तो महिना-दोन महिन्यांच्या प्रवासाला.

तरी एका गोष्टीत त्याच्यापुढे मावशीकडे उत्तर नाही. पंक्चर काढणे, उतरलेली चेन चढवणे, ब्रेकची तार ताणणे आणि तुटलेल्या चेनला जोडकडी बसवणे, ही चार कामे स्वतःला आली पाहिजेत. भाड्याने देणारा मदतीचा फोन नंबर देतो, पण रविवारी दुपारी दोन गावांच्या मधोमध तो नंबर फारसा कामाचा नसतो. रविवारचा हा मुद्दा खाण्यालाही लागू आहे. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळीच पाव, चीज, फळे घेऊन ठेवावी लागतात. घरून न्यायचा डबाही तपासून भरावा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. चिवडा चालेल, पेढे आणि तुपाची बरणी घरीच.

रस्त्याचे नियम थोडक्यात. वाहतूक उजवीकडून चालते. मावशीला याची भीती आहे, भाच्याला नाही, आणि भीती असलेलाच जास्त सुरक्षित असतो. गर्दीत माणूस इतरांमागे बरोबर जातो. घोटाळा होतो तो सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना आणि डावीकडे वळताना, कारण सवयीने हात जुन्या बाजूला ओढतो. ऑस्ट्रियात बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे. मोठ्यांना सक्ती नाही, तरी घालावे. मोबाइल हातात धरून सायकल चालवणे गुन्हा आहे. रक्तातल्या मद्याची मर्यादा सायकलस्वाराला दर हजारी ०.८ आहे. द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातून जाणाऱ्या वाटेवर हा आकडा लक्षात ठेवलेला बरा. ऑक्टोबर २०२२पासून तिथे मोटारीने सायकलीला मागे टाकताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. आपल्याकडच्या हमरस्त्याला सरावलेल्याला पहिल्या दिवशी तो नियम पाळला जाताना पाहून नवल वाटेल.

आता प्रत्यक्ष वाट. पासाउनंतर नदी अरुंद जंगली दरीत शिरते आणि श्ल्योगेनजवळ कठीण खडकाला वळसा घालत जवळजवळ उलटी फिरते. या वळणाशी एका काठाचा रस्ता संपतो आणि सायकलस्वारांना छोट्या नावेतून पुढे जावे लागते. अशा नावा या मार्गावर अनेक आहेत. ओटेन्सहाइमची आणि पुढे श्पिट्सची नाव तर इंजिनाशिवाय चालते : वर ताणलेल्या तारेला ती बांधलेली असते आणि तिरकी धरली की नदीचा प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. जिथे नावा नाहीत तिथे काही जलविद्युत केंद्रांच्या भिंतींवरून पलीकडे जाता येते. ऑस्ट्रियात डॅन्यूबवर अशा केंद्रांची साखळीच आहे आणि त्यांच्यामागे नदी एखाद्या तळ्यासारखी संथ झालेली दिसते. ग्राइनच्या आसपासचे भोवरे आणि खडक एकेकाळी नावाड्यांचा काळ होते. आज तिथे पाणी निमूट आहे.

लिंत्स शहराच्या पुढे वीस-पंचवीस किलोमीटरवर माउटहाउझेन लागते. मार्ग गावाच्या पायथ्याशी नदीलगत जातो. गावाच्या वर टेकडीवर नात्सींनी १९३८मध्ये छळछावणी उभी केली होती. ग्रॅनाइटच्या खाणीसाठी ही जागा निवडली गेली. खाणीतून वर येणाऱ्या १८६ पायऱ्यांवरून कैद्यांकडून दगड वाहून घेत. ५ मे १९४५ रोजी अमेरिकी सैन्य तिथे पोचले. छावणी आता स्मारक म्हणून जपली आहे.

भाचा : "बघ, शेवटी एक चढ मिळालाच."

मावशी : "चढाचं राहू दे. दीडशे किलोमीटरचा दिवस आखलास तर तू हे पाहणार आहेस का? पाटी दिसेल, फोटो काढशील, पुढे जाशील. तिथे अर्धा दिवस लागतो, आणि नंतर कुणालाच भरभर चालवावंसं वाटत नाही."

वेगाच्या वादात मावशीची ही बाजू निर्विवाद सरस आहे. दिवसाला ४५ ते ५० किलोमीटर धरले तर मार्ग सात दिवसांत होतो आणि रोजची सायकल दुपारपर्यंत आटोपते. उरलेला वेळ हाच परदेशी जाण्याचा हेतू. मेल्कचा बेनेडिक्टाइन मठ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात याकोब प्रान्टाउअरने नव्याने उभारला. नदीवरच्या कड्यावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा हा अजस्र वाडा सायकलवरून लांबूनच दिसतो. मेल्क ते क्रेम्स हा सुमारे ३६ किलोमीटरचा वाखाउचा पट्टा. युनेस्कोने २००० साली तो जागतिक वारशात घेतला. धरणांच्या साखळीतून सुटलेला, नदी अजून आपल्या ओढीने वाहते असा हा भाग आहे. दोन्ही बाजूंना दगडी बांधांवर द्राक्षांचे पायऱ्यापायऱ्यांचे मळे, मध्ये जर्दाळूच्या बागा. जर्दाळू भरलेले उकडीचे गोळे ही तिथली खासियत, आणि शाकाहारी प्रवाशाचा मोठा आधार. ड्युर्नश्टाइनच्या वर पडका किल्ला आहे. धर्मयुद्धावरून परतणाऱ्या इंग्लंडच्या राजा रिचर्डला ११९२च्या अखेरीस पकडून इथे कैदेत ठेवले होते. हा पट्टा दोन तासांतही होतो. दोन दिवस दिले तरी जास्त नाहीत.

क्रेम्सपासून व्हिएन्नापर्यंतचा शेवटचा भाग सपाट मैदानातून, बांधाच्या कडेने जातो. त्यात विशेष सांगण्यासारखे थोडे आहे. थकलेल्याने हा टप्पा रेल्वेने केला तरी कमीपणा मानू नये. स्थानिक गाड्यांत तिकीट काढून सायकल चढवता येते, लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलीची जागा आधी राखावी लागते.

ऋतू मे ते सप्टेंबर. पण ही नदी आहे, आणि तिला पूर येतात. जून २०१३मध्ये पासाउत पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले होते, गेल्या पाच शतकांतला तो उच्चांक. सप्टेंबर २०२४च्या पुराने लोअर ऑस्ट्रियाला झोडपले. काठाला चिकटलेली वाट अशा वेळी सर्वांत आधी बंद होते. निघण्याच्या आठवड्यात पाण्याची पातळी आणि बंद टप्पे पाहणे, हे हवामान पाहण्याइतकेच आवश्यक.

भाच्याकडे अखेरचा दाखला इतिहासातला आहे.

भाचा : "१९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण जगाच्या फेरीला सायकलवर निघाले होते. त्यांना कुणी पाट्या लावून दिल्या होत्या? वाळवंटातून, जंगलातून गेले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १९२८मध्ये फेरी पुरी करून परत आले."

मावशी : "सहा निघाले आणि तिघांनी पुरी केली, हे तूच सांगितलंस."

हा दाखला भाच्याला वाटतो तितका त्याच्या बाजूचा नाही. ते तरुण व्यायामाच्या आखाड्यातले होते, जवळजवळ साडेचार वर्षे घराबाहेर राहिले, आणि त्यांनी त्याचे पुस्तक १९३१ साली छापले. त्यांचे साहस आठवड्याभराच्या रजेत बसवता येत नाही. ज्याच्याकडे दहा-बारा दिवसांची रजा, पहिलाच व्हिसा आणि अनोळखी भाषा आहे, त्याला चूक पोटात घालणारा मार्ग हवा : दर पाच-दहा किलोमीटरवर गाव असलेला, जवळ रेल्वे असलेला, वाट चुकली तरी नदी दिसली की पुन्हा सापडणारा. डॅन्यूबचा हा टप्पा तसा आहे, म्हणून पहिल्या प्रवासाला तोच घ्यावा. सपाट आहे ही त्याविरुद्धची तक्रार होऊ शकत नाही.

भाच्याची हौस दुसऱ्या प्रवासात भागते, आणि त्यासाठी नदी सोडावी लागत नाही. तीच वाट पुढे ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, बेलग्रेडवरून जाते. हंगेरीनंतर बऱ्याच ठिकाणी मोटारींच्या रस्त्यावरून जावे लागते. सर्बिया आणि रोमेनियाच्या मध्ये 'आयर्न गेट्स'च्या खिंडीत बोगदे लागतात, गावांबाहेर मोकाट कुत्री असतात. कागदांचे गणितही बदलते. क्रोएशिया २०२३पासून आणि रोमेनिया-बल्गेरिया २०२५पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहेत, तेव्हा तिथले दिवस त्याच ९० दिवसांत मोजले जातात. सर्बिया बाहेर आहे. तिथे जाऊन पुन्हा शेंगेनमध्ये यायचे तर अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा.

मे महिन्यात पासाउहून निघायचे असेल तर व्हिसाचा अर्ज नोव्हेंबरपासून करता येतो. ज्यांना जायचे आहे त्यांनी दिवाळीनंतर कागद गोळा करायला घ्यावेत आणि हिवाळ्यात, भरल्या पिशव्या लावून, कोकणचा रस्ता एकदा करून यावा.